नाक्यावर किती वेळ लागेल, हे कोणी सांगायचे?



सुरगाण्याच्या शेतकऱ्याला पावसाचे विचारा, तो आभाळाकडे बघून अंदाज देतो. भाताचे विचारा, लोंबी हातात घेऊन पोती सांगतो. पण 'माल घेऊन गुजरातेत कधी पोचशील?' असे विचारले की तो हसतो. 'नाका मोकळा असला तर न्याहारीला, नसला तर जेवणाला.' सगळ्या वाटेचा हिशेब येतो, नाक्यापाशी अडतो.

हसण्यावारी नेण्यासारखे यात काही नाही. बोरगाव-हातगडच्या पट्ट्यात स्ट्रॉबेरी पहाटे खुडतात, खोक्यात भरतात आणि ऊन चढायच्या आत सापुताऱ्याच्या किंवा सुरतेच्या वाटेला लावतात. स्ट्रॉबेरी काही कांदा नव्हे, की चाळीत पडून राहील. ताडपत्रीखाली उभी राहिली की तळाच्या खोक्याला पाणी सुटते आणि त्या पाण्याचा भाव व्यापारी कापून घेतो. उंबरठाणकडचा आजारी माणूस वांसदा, धरमपूरकडे नेतात, कारण तिकडचा दवाखाना जवळ पडतो. २०२२ च्या अखेरीस आमच्या सीमेवरच्या गावांनी 'आम्हाला गुजरातेत घाला' अशी मागणी केली, तेव्हा मुंबईतल्या लोकांना नवल वाटले. ज्यांचा बाजार आणि दवाखाना दोन्ही सीमेपलीकडे आहेत, त्यांना कसले नवल?

आता कोणी म्हणेल, नाके तर उठले. खरे आहे. १९७२ साली कापूस एकाधिकार खरेदी आली, तेव्हा स्वतःच्या शेतातला कापूस सीमेपलीकडे नेणारा शेतकरी गुन्हेगार ठरत होता. ते दिवस गेले. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि राज्याराज्यांच्या सीमांवरचे विक्रीकराचे नाके गेले. गुजरातने २०१९ साली आरटीओचे तपासणी नाकेही बंद केले. पण नाके गेले तरी नाकाबंदी उरली. गुजरातेत १९६० पासून दारूबंदी आहे, म्हणून महाराष्ट्रातून जाणारी गाडी संशयाची. ३१ डिसेंबर जवळ आला की संशय वाढतो. निवडणूक लागली की दोन्हीकडे पथके बसतात आणि ५०,००० रुपयांपेक्षा जास्त रोकड असली तर कागद मागतात. माल विकून परतणाऱ्या शेतकऱ्याकडे रोकड असते, कागद नसतो. वर पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी सापुताऱ्याला निघालेल्या मोटारींची रांग. त्या रांगेत स्ट्रॉबेरी, पेशंट आणि सहलीची पोरे एकाच मापाने उभी.

'मोबाइलवर नकाशा बघा की, तांबडी रेघ दिसते.' आम्हीही बघतो. ही रेघ येते कोठून, ते समजून घेतले पाहिजे. रस्त्यावरच्या फोनांची जागा आणि वेग नकाशाच्या कंपनीकडे जातो. पुष्कळ फोन एका ठिकाणी रेंगाळले की रेघ तांबडी. त्याला मागच्या आठवड्यांच्या त्याच वाराची, त्याच तासाची सरासरी जोडतात आणि पुढचा अंदाज काढतात. हमरस्त्यावर हे चांगले चालते. पण घाटात रेंज जाते, आडरस्त्यावर फोनच थोडे, तिथे नकाशा जुन्या सरासरीवर गाडी हाकतो. शिवाय त्याला गाडीतला माणूस दिसत नाही. मोटारीला हात दाखवून सोडतात, पिकअपची दोरी सोडायला लावतात. दोघांची सरासरी काढून जो आकडा येतो तो मोटारवाल्याला जास्त आणि आमच्या पिकअपला कमी.

आमच्यातल्या एकाला एका नाक्यावर सगळी खोकी उतरवावी लागली. नकाशा १२ मिनिटे सांगत होता. लागले दोन तास. खोकी पुन्हा रचायला कोणी हात लावला नाही, हे वेगळेच.

जगात दुसरीकडे काय करतात? अमेरिका आपल्या सीमेवरच्या नाक्यांवर किती वेळ लागतो ते प्रवाशांना तासातासाने सांगते. बरीच वर्षे हा आकडा नाक्यावरचा अधिकारी रांगेकडे नजर टाकून ठरवी. रांग वळणापलीकडे गेली की शेपूट दिसेना, आणि आकडा तरीही लिहिला जाई. २०१३ साली त्यांच्या संसदेच्या लेखापरीक्षकांनी सांगितले, की हे आकडे भरवशाचे नाहीत. मग कॅनडाच्या बाजूला न्यागारा नदीच्या पुलांवर यंत्रे बसवली. गाडीतल्या फोनची ब्लूटूथ खूण रांगेच्या अलीकडे आणि नाक्याच्या पलीकडे टिपायची आणि दोन वेळांची वजाबाकी करायची. एस्टोनियाने २०११ साली रशियाच्या सीमेवर वेगळाच मार्ग काढला. गाडीवाल्याने घरूनच वेळ नोंदवायची आणि आपल्या पाळीला यायचे. साखर कारखान्याच्या ऊसतोडीची पाळी ज्याला कळते, त्याला हे समजायला इंजिनिअर लागत नाही. पाळीत वशिला शिरतो हेही तो जाणतो, तो भाग वेगळा.

खरी मेख मात्र पुढेच आहे. आत्ता सुटलेल्या गाडीला तास लागला, याचा अर्थ ती तासापूर्वी रांगेत लागली होती. तो आकडा तासापूर्वीच्या रांगेचा. काल लासलगावचा भाव चढला म्हणून आज ट्रॉली भरून नेणाऱ्याची जी फसगत होते, तीच इथे. म्हणून अंदाजाला दोन गोष्टी लागतात: आत्ता पुढे गाड्या किती आणि तपासणीचा वेग किती. एका गाडीला दोन मिनिटे धरली तर तासाला ३० गाड्या सुटतात. ४० गाड्या पुढे असल्या तर ८० मिनिटे. एवढे पाटीवर आले तरी माणूस ठरवू शकतो, की आत्ता निघावे की चहा घेऊन निघावे.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट उघडी पडते. तासाला ३० सोडणाऱ्या नाक्यावर तासाला २४ गाड्या आल्या, तर रांगेच्या साध्या गणिताने सरासरी ८ मिनिटे थांबावे लागते. २८ आल्या तर २८ मिनिटे. २९ आल्या तर जवळजवळ तास. गाड्या वाढल्या पाच, थांबणे वाढले सातपट. कारण गाड्या काही सारख्या अंतराने येत नाहीत, आणि एखाद्या गाडीला पाच मिनिटे लागली की मागचे सगळे तुंबते. आता त्याच २८ गाड्यांना तपासणीची दुसरी जोडी द्या. थांबणे एका मिनिटाच्याही आत येते. म्हणजे प्रश्न पाच गाड्यांचा नव्हता, खुर्चीवर न बसलेल्या दुसऱ्या माणसाचा होता. वेळेचा आकडा पाटीवर लागला तर हे रोज दिसेल. पाटी लावायला हात का धजत नाही, हे यावरून ज्याने त्याने ओळखावे.

टोलनाक्यांचे उदाहरण ताजे आहे. २०२१ साली राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने सांगितले, की एका गाडीला १० सेकंदांपेक्षा जास्त लागता कामा नये आणि रांग १०० मीटरच्या पिवळ्या रेघेबाहेर गेली तर गाड्या फुकट सोडाव्यात. २०२४ साली ती फुकट सोडण्याची सवलत मागे घेतली. तरी निदान काही काळ सरकारने वेळेची जबाबदारी कागदावर घेतली होती. तपासणीच्या नाक्यांवर तेवढीही कोणी घेतलेली नाही.

'वेळ जाहीर केली तर दारूवाल्यांचे फावेल,' असे आम्हाला ऐकवतात. दारूवाल्याला रांग कधी नसते ते आधीच ठाऊक असते. नसते ठाऊक ते शेतकऱ्याला. कोणते खोके उघडणार हे आम्ही विचारत नाही, तपासणीलाही ना नाही. किती वेळ उभे राहायचे, एवढेच विचारतो. आणि त्याला यंत्रे लागत नाहीत. रांगेच्या शेपटाच्या गाडीला वेळ लिहून एक चिठ्ठी द्यायची आणि नाक्यावर ती परत घ्यायची. अमेरिकेतही काही नाक्यांवर हीच चिठ्ठीची रीत वापरली आहे. निवडणुकीची तारीख, ३१ डिसेंबर, सापुताऱ्याची गर्दी, हे सगळे आधी ठाऊक असते. तेवढ्या दिवसांसाठी जोडी वाढवता येते आणि नाशवंत मालाची रांग वेगळी लावता येते.

मागणी करायची तर हातात नोंदी हव्यात. म्हणून पुढच्या जिल्हा बैठकीला येताना सापुतारा रस्त्याने आणि उंबरठाणच्या रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाने वही आणावी. तारीख, वार, रांगेत लागल्याची वेळ, पुढे गाड्या किती, सुटल्याची वेळ, गाडी भरलेली की रिकामी. एवढे सहा रकाने पुरेत. ज्याला लिहिणे जमत नाही त्याने रांगेत लागताना एक आणि सुटल्यावर एक फोटो काढावा, फोनमध्ये वेळ आपोआप नोंदते. नाक्याचा फोटो मात्र काढू नका, नवे लचांड मागे लागेल. आपल्याच गाडीच्या मागच्या फळक्याचा काढा.