रक्त आमचं, दिवस आमचा; हिशोबही आमच्यासमोर व्हावा



जमीन मोजायला कोणी आलं तर आता आपल्या पाड्यातली म्हातारी बाईसुद्धा विचारते, "साहेब, कागद दाखवा. आमची प्रत कुठंय?" वनहक्काच्या लढ्यानं आपल्याला एवढं शिकवलं. पण रक्त घ्यायला गाडी आली की आपण गुपचूप हात पुढं करतो.

आपल्या उपचारासाठी रक्त देणं वेगळं आणि कोणाच्या अभ्यासासाठी देणं वेगळं. पहिल्यात आपण पेशंट असतो. दुसऱ्यात आपण काम करतो, आणि कामाचा दाम असतो.

भिल्ल, पावरा, गोंड, माडिया समाजात सिकलसेल पिढ्यानपिढ्या आहे. म्हणून अभ्यास आपल्यात होणार, आणि झालाच पाहिजे. चांगलं औषध निघालं तर आपलीच पोरं वाचतील. आमचा विरोध अभ्यासाला नाही, फुकटात वापरून घेण्याला आहे. आमच्या भागात अशी एक टीम येऊन गेली. बाया दोन दिवस मजुरी बुडवून रांगेत बसल्या. हातात बिस्किटाचा पुडा मिळाला. रक्तात काय निघालं ते आजपर्यंत कोणी सांगितलं नाही.

सिकलसेलच्या पोराची आई वर्षानुवर्षं रात्री जागून शिकलेली असते. थंडीत दुखणं कसं उठतं, पाणी कमी पडलं की काय होतं, हे तिला ठाऊक असतं. तिला बैठकीला बोलावून विचारतात. तिथं डॉक्टरला मानधन, दुभाष्याला मानधन, आणि आईला चहा! हा कुठला न्याय?

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे 2017 चे नियम सांगतात की भाग घेणाऱ्याला प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी देता येते. अभ्यासामुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई मिळाली पाहिजे. पैशाचं आमिष दाखवून संमती घेऊ नये, असंही त्यात आहे. ते बरोबरच आहे. भुकेल्या माणसापुढं नोटा धरल्या तर तो नाही कसा म्हणेल? पण आमिष नको म्हणून मजुरीही द्यायची नाही, हे चालणार नाही.

अमेरिकेत ग्रँड कॅनियनच्या दरीत हवासुपाई आदिवासी राहतात. 1990 पासून त्यांनी मधुमेहाच्या अभ्यासासाठी म्हणून विद्यापीठाला रक्त दिलं. पुढं तेच रक्त न विचारता दुसऱ्या अभ्यासांना वापरलं. लोक कोर्टात गेले. 2010 मध्ये विद्यापीठानं 41 जणांना मिळून 7 लाख डॉलर दिले आणि उरलेलं रक्तही परत केलं. लोकांनी ते गावी नेलं.

आपल्याकडं 2009 मध्ये खम्मम आणि वडोदरा जिल्ह्यांत मुलींना कॅन्सरवरची लस देऊन अभ्यास चालला होता. खम्ममच्या आश्रमशाळांत आईबापाऐवजी अधीक्षकांनी सह्या केल्या. 2010 मध्ये तो थांबवावा लागला. लस वाईट असं आम्ही म्हणत नाही. आईबापाला न विचारणं वाईट.

म्हणून प्रत्येक ग्रामसभेनं ठराव करावा:

1. अभ्यास कशाचा, पैसा कोणाचा, रक्त कुठं जाणार, हे आधी आपल्या बोलीत सांगा. ग्रामसभा हो म्हणाली तरी प्रत्येकाची संमती वेगळी घ्या.

2. बुडालेल्या दिवसाची पूर्ण मजुरी आणि गाडीभाडं त्याच दिवशी द्या. मधेच कोणी माघार घेतली तरी कापू नका.

3. सल्ल्याला बोलावलेल्या पेशंटला आणि घरच्यांना इतर सल्लागारांसारखंच मानधन द्या.

4. ज्याचा निकाल त्याच्या हातात द्या, चव्हाट्यावर नको. सगळ्या अभ्यासाचा निष्कर्ष मात्र ग्रामसभेत येऊन सांगा.

5. इजा झाली तर जबाबदार कोण, त्याचं नाव आणि फोन कागदावर लिहून द्या.

हा अंक पाड्यात मोठ्यानं वाचून दाखवा. ठराव झाला की एक नक्कल आमच्याकडं पाठवा आणि एक ग्रामसभेच्या फाइलीत ठेवा. पुढची गाडी येईल तेव्हा तो कागद आधी पुढं करा, हात नंतर.