शेजघरात शिरलेला फौजदार

युगांडाचे अध्यक्ष योवेरी मुसेवेनी यांनी २०२३ च्या मे महिन्यात समलिंगी संबंधांविरुद्धच्या कायद्यावर स्वाक्षरी केली. या संबंधांस त्यात जन्मठेप आहे आणि काही प्रकारांस चक्क फाशी! बालकावर अत्याचार करणारा नराधम आणि परस्परसंमतीने वागूनही दुसऱ्यांदा दोषी ठरलेला प्रौढ, या दोघांना कायद्याने एकाच फासाखाली उभे केले आहे. संमती हा बचाव होऊ शकत नाही, असेही त्यात स्पष्ट म्हटले आहे. ही न्यायाची विटंबना आहे. बलात्कार हा गुन्हा ठरतो, तो संमती नसते म्हणूनच. तो निकषच पुसून टाकल्यावर पीडित कोण आणि अपराधी कोण, हे ठरवावे कसे?

पाश्चात्त्य अनाचारापासून आफ्रिकी संस्कृतीचे रक्षण, हे या कायद्याचे समर्थन. परंतु 'निसर्गक्रमाविरुद्ध' संभोगास शिक्षा सांगणारे कलम युगांडात आणले ते इंग्रजांनीच! तसलेच ३७७ वे कलम त्यांनी १८६० साली आमच्याही गळ्यात बांधले. प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते ते दूर व्हावयास येथे २०१८ साल उजाडले. तेव्हा उपदेशाचा तोरा आम्ही मिरवीत नाही.

२०२४ च्या एप्रिलमध्ये तेथील घटना न्यायालयाने पोलिसांना खबर देण्याची सक्ती रद्द केली. डॉक्टरला हेर बनविणारे कलम गेले. फाशी मात्र न्यायालयाने कायम ठेवली. साहेब गेला, पण त्याचा चाबूक घरच्यांच्याच पाठीवर फुटत राहिला, तर त्या स्वातंत्र्याला अर्थ काय?