सुसितेचे ठिगळ



गेल्या महिन्यात बेरशेबाच्या मामींनी एक छायाचित्र आमच्या हाती ठेवले. 1971 सालचे, रंगीत, 9 बाय 13 सेंटिमीटरचे. अंगणात पांढरी सुसिता मोटार आणि तिच्या दाराशी पातळ नेसलेल्या मामी. नातवाच्या लग्नाआधी मलिद्याला पाहुणे जमणार. तोवर हे चित्र दहापट मोठे होऊन दिवाणखान्याच्या भिंतीवर लागावे, ही त्यांची इच्छा. मामा आता नाहीत, आणि त्यांनी आयुष्यात घेतलेली मोटार ही एवढीच.

सुसिता हैफा परिसरातील ऑटोकार्स कारखान्यात तयार होई. तिचे अंग पत्र्याचे नव्हे, फायबरग्लासचे. उंट ते खातात, अशी थट्टा देशभर चाले. धक्का लागला की तिला पोचा पडत नसे, तडा जाई.

आम्ही कामाला लागलो. निगेटिव्ह सापडली असती तर तीच घेतली असती, ती नव्हती. मऊ ब्रशने धूळ झाडून, ओले फडके न लावता, इंचाला 1200 बिंदू या मानाने स्कॅन केले. दहापट मोठे केल्यावर इंचाला 120 बिंदू उरतात. दोन मीटरवरून पाहणाऱ्याला ते पुरतात. मूळ स्कॅन बाजूला जपून त्याच्या प्रतीवर काम केले. जुन्या रंगीत फोटोंतील निळसर रंग आधी उडतो आणि सारे तांबूस दिसू लागते. तो तोल पांढऱ्या मोटारीवरून सावरला. मग ओरखडे. मूळ कागदावरचा 1 मिलिमीटरचा डाग भिंतीवर 1 सेंटिमीटरचा होतो, म्हणून इंच इंच तपासावा लागतो.

मोटारीच्या पुढच्या मडगार्डवर एक मळकट, ओबडधोबड पट्टा होता. तोही डागच समजून आम्ही सफाईने पुसला, आणि नमुन्याची छपाई मोठ्या ऐटीत मामींकडे नेली.

मामींनी चष्मा लावला, बराच वेळ पाहिले. म्हणाल्या, "गाडी झकास आहे रे, पण ही आमची नव्हे. ठिगळ कुठे गेले?"

फाटकाला धडकून मडगार्डला तडा गेला होता. दुरुस्तीला पैसे नव्हते. मामांनी काचेच्या धाग्याचे कापड आणि रेझिन आणून, दोन संध्याकाळी अंगणात बसून ते ठिगळ स्वतः लावले होते. मामींच्या लेखी त्या चित्रात मामा होते ते तेवढेच.

आम्ही खजील झालो. मुलांच्या वह्या तपासताना चूक कोणती आणि अक्षराचे वळण कोणते, हे ओळखायला आम्ही शिकलो होतो, येथे विसरलो. जपून ठेवलेल्या मूळ स्कॅनमधून ते ठिगळ परत आणले.

तेव्हापासून आमचा नियम असा : कागदावर नंतर आले ते काढावे, कॅमेऱ्यासमोर होते ते राहू द्यावे. शंका आल्यास घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे, आणि तेही छपाईच्या आधी.

छपाई बिनचकाकीच्या कागदावर, पिगमेंट शाईने करावी. चित्र थेट ऊन न लागणाऱ्या भिंतीवर लावावे. मूळ फोटो पाकिटात घालून कपाटात ठेवावा, आणि पाकिटावर चित्रातल्या माणसांची नावे लिहावीत. जो चित्रात दिसत नाही, त्याचेही.