विजोड गाड्यांची फौज

एच. जी. वेल्सची 'द लँड आयर्नक्लॅड्स' ही कथा १९०३ साली प्रसिद्ध झाली तेव्हा रणगाडा नावाची वस्तू जगात नव्हती. कथेतली चिलखती यंत्रे त्याने ८० ते १०० फूट लांबीची कल्पिली होती. १९१६ साली पहिला खरा रणगाडा सोमच्या रणभूमीवर उतरला, तो मागचे चाकांचे शेपूट वगळता सुमारे २६ फुटांचा. याच वेल्सने १९१३ साली 'लिटल वॉर्स' हे पुस्तक लिहून खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाईला नियम घालून दिले. भविष्यातले युद्धयान आणि दिवाणखान्यातले युद्ध या दोहोंचे पितृत्व बऱ्याच अंशी एकाच माणसाकडे जावे, आणि त्याचे यान वास्तवाच्या तिपटीहून मोठे निघावे, हा योगायोग आम्हाला फार आवडतो. ज्या वादाबद्दल येथे लिहायचे आहे त्याचे बीजच त्यात आहे.

हे खेळ ज्यांनी पाहिले नसतील त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. सहा बाय चार फुटांचे टेबल, त्यावर थर्माकोलच्या टेकड्या आणि पुठ्ठ्याच्या पडक्या इमारती, बोटाच्या पेराहून किंचित उंच असे रंगवलेले सैनिक, आणि त्यांच्या दिमतीला चिलखती गाड्या, रणगाडे, जमिनीला न टेकता तरंगत जाणारी वाहने. चाल फूटपट्टीने मोजायची, नेम लागला की नाही ते फाशांना विचारायचे. विज्ञानकथेतल्या कुठल्यातरी दूरच्या ग्रहावर हे सारे घडते आहे असे मानायचे. सैनिक बहुधा एकाच घरचे, एका मापाचे असतात. गाड्यांचे तसे नसते. गाडी महाग पडते. म्हणून कुणी दुसऱ्या महायुद्धातल्या रणगाड्याचे मॉडेल किट आणतो, कुणी खेळण्यांच्या दुकानातला डंपर आणतो, कुणी धाकट्या भावाच्या मोडक्या बुलडोझरला पेनाच्या नळीची तोफ बसवतो. मग शेजारून हमखास आक्षेप येतो: प्रमाण जुळत नाही, घडण जुळत नाही, ही सेना नव्हे, हा जुन्या बाजारातला ढीग आहे.

आमचे म्हणणे असे की विज्ञानकथेच्या टेबलावर ही विजोड फौज नुसती चालते एवढेच नव्हे, तर एकजात सुबक फौजेपेक्षा ती अधिक खरी असते. मात्र तिला एक अट आहे. तिच्याकडे पुढे येऊ.

आधी प्रमाणाचा प्रश्न. प्रमाण म्हणजे मूळ वस्तू आणि प्रतिकृती यांच्यातले नाते. १:३५ असे आपण म्हणतो तेव्हा मूळ वस्तू कुठेतरी उभी आहे आणि तिचे माप कुणीतरी घेतले आहे हे गृहीत धरलेले असते. टी-५५ या सोव्हिएत रणगाड्याची रुंदी ३.२७ मीटर. १:३५ च्या किटमध्ये ती ९३ मिलिमीटर भरते. टेबलावरचा २८ मिलिमीटरचा सैनिक साधारणपणे १:५६ प्रमाणाचा मानतात, आणि त्याच्या शेजारी हीच गाडी ५.२ मीटर रुंद वाटते. टी-५५ म्हणून ती उघड उघड चूक आहे. पण भलत्याच सूर्यमालेतल्या एखाद्या खाणवसाहतीची गाडी म्हणून तिच्यात चूक काय? तिचे मूळ कुणी पाहिले आहे? ज्या वस्तूला मूळच नाही तिच्या प्रतिकृतीला 'चुकीच्या प्रमाणाची' म्हणणे हा तर्कदोष आहे, आणि आक्षेपकांच्या तो सहसा लक्षात येत नाही.

शिवाय ज्याच्या मापाने गाडी तोलायची तो सैनिक तरी कुठे धुतल्या तांदळासारखा आहे? रंगवायला सोपे जावे आणि चार फुटांवरून ओळखू यावे म्हणून त्याचे डोके आणि पंजे थोराड केलेले असतात, बंदूक तर लोखंडी पहारीएवढी जाड असते. त्यातून तो एका गोल चकतीवर उभा असतो, ती त्याला आणखी दोनतीन मिलिमीटर उचलते. उंचीने तो १:५६ चा, पण अंगापिंडाने १:४८ कडे झुकणारा. म्हणूनच हिशेबाने बरोबर असलेली गाडी त्याच्या शेजारी ठेवली की ती ठेंगणी दिसते, आणि हिशेबाने मोठी असलेली १:४८ ची गाडी किंवा १:४३ ची खेळण्यातली मोटार नेमकी शोभते. डोळा गणित करत नाही. तो खुणा शोधतो.

या खुणा कोणत्या ते ओळखले की बरेचसे भांडण मिटते. गाडीची लांबीरुंदी तिचे वय-माप सांगत नाही. ते सांगते दार, झाकण, शिडीची पायरी, हाताची कडी, बाजूला अडकवलेले फावडे. माणसाच्या शरीराशी ज्याचा ज्याचा संबंध येतो ते सारे चुगलखोर असते. एका माणसापुरते ६० सेंटिमीटरचे झाकण १:३५ मध्ये १७ मिलिमीटरचे होते, आणि २८ मिलिमीटरच्या शिपायासमोर ते जवळजवळ मीटरभर व्यासाचे दिसते, जणू विहिरीचे तोंड. ते झाकण घासून काढा, फावडी खरवडून टाका, लहान झाकण आणि अरुंद पायऱ्या चिकटवा, की तोच रणगाडा क्षणात दुसऱ्या जगाचा नागरिक होतो. एकही मिलिमीटर कापलेला नसतो.

येथे एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. पृथ्वीवरचे रणगाडे साडेतीन मीटरच्या आसपासच रुंद का? एक मोठे कारण रेल्वे. रणगाडा आघाडीपर्यंत मालगाडीने जातो, म्हणजे तो बोगद्यातून आणि फलाटाच्या कडेने सरकला पाहिजे. जर्मनीचा टायगर यात बसेना, म्हणून रेल्वेने नेताना त्याचे रुंद पट्टे उतरवून अरुंद पट्टे चढवावे लागत. ज्या ग्रहावर रेल्वे नाही, जिथे अवजड माल आकाशातून उतरतो, तिथे पाच मीटर रुंदीचा रणगाडा नवलाचा नाही. आणि जिथे गाड्या खाणीच्या बोगद्यांतून न्याव्या लागतात तिथे दोन मीटरचा चिंचोळा रणगाडाही नवलाचा नाही. खपाटीला आलेल्या या विजोड प्रतिकृतीकडे पाहून हा प्रश्न आम्हाला सुचला. कंपनीच्या खोक्यातल्या तयार गाडीकडे पाहून तो कधी सुचला नव्हता.

आता घडणीचा मुद्दा. एका सेनेच्या गाड्या एका घाटाच्या असाव्यात, अशी अपेक्षा येते कुठून? खऱ्या सेनांकडून तर नक्कीच येत नाही. १९४२ मध्ये जर्मनांनी मार्डर तीन ही रणगाडाभेदी गाडी उभी केली तिच्या पहिल्या आवृत्तीत धड चेक रणगाड्याचे होते आणि तोफ रशियनांकडून जिंकलेली. १९६५ च्या युद्धात भारताच्या बाजूने ब्रिटिश सेंच्युरियन, अमेरिकन शर्मन आणि फ्रेंच एएमएक्स-१३ लढले. १९७१ पर्यंत त्यांत सोव्हिएत टी-५५, पोहणारे पीटी-७६ आणि आवडीला बनलेले विजयंता मिसळले होते. १९८७ साली चाडच्या सैन्याने उघड्या टोयोटा गाड्यांवर क्षेपणास्त्रे चढवून लिबियाच्या रणगाड्यांची दाणादाण उडवली, त्या लढाईला 'टोयोटा युद्ध' हेच नाव पडले.

मराठी वाचकाला हे पाहायला चाडपर्यंत जायला नको. अहमदनगरला, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगरला, १९९४ मध्ये सुरू झालेले रणगाड्यांचे संग्रहालय आहे. तिथे रोल्स-रॉइसची चिलखती मोटार, ब्रिटिश चर्चिल आणि व्हॅलेंटाइन, दुसऱ्या महायुद्धातला चिमुकला जपानी रणगाडा आणि धारातीर्थी पडलेला पॅटन असे सारे एका आवारात उभे आहेत. हे विज्ञानकथेतले एका सेनेचे वाहनदळ आहे असे कुणी सांगितले, तर घाट जुळत नाही म्हणून आपण नाक मुरडू. वास्तवाला मात्र सुसंगतीची एवढी हौस नसते. सेना म्हणजे वारशाने आलेले, उसने मिळालेले, लुटलेले आणि दुरुस्त केलेले सामान. एकजात फौज दिसते ती संचलनात आणि विक्रीच्या सूचिपत्रात.

सूचिपत्राचा उल्लेख उगाच केलेला नाही. रिक प्रीस्टलीचे 'रोग ट्रेडर' हे नियमपुस्तक १९८७ मध्येच आले, आणि पुढे जगभर पसरलेल्या 'वॉरहॅमर ४०,०००' या खेळाची ती सुरुवात. त्या काळात डिओडरंटच्या रिकाम्या डबीपासून तरंगता रणगाडा कसा बनवावा हे खेळ काढणाऱ्या कंपनीनेच छापून शिकवले होते. १९८८ मध्ये त्यांची प्लास्टिकची ऱ्हायनो गाडी बाजारात आली, आणि हळूहळू प्रत्येक गाडीला अधिकृत खोके मिळाले. डबीचा रणगाडा हा विनोद झाला. यात कंपनीने काही पाप केले असे नव्हे, ज्याचा धंदा गाड्या विकण्याचा तो गाड्या विकणारच. पण विक्रेत्याची सोय ही सौंदर्यदृष्टी म्हणून आपण कधी स्वीकारली, ते आपल्यालाच कळले नाही. दुसरी वाटही होती. 'डर्टसाइड २' (१९९३) आणि 'स्टारग्रंट २' (१९९६) या खेळांनी कुठलीही प्रतिकृती चालेल असेच धरले होते, आणि २०१७ चा 'गॅसलँड्स' तर हॉट व्हील्स आणि मॅचबॉक्सच्या मोटारींवरच उभा आहे. १९७७ च्या 'स्टार वॉर्स'मधली याने रणगाड्यांच्या आणि विमानांच्या किटांचे तुकडे चिकटवून सजवली होती, हेही विसरू नये. भविष्याचे जे रूप आज आपल्याला स्वाभाविक वाटते ते मुळात भंगारातून जोडलेले आहे.

आता ती अट. एका डावात आम्ही खेळण्यातली रुग्णवाहिका क्षेपणास्त्रवाहक म्हणून मांडली होती. डाव सुरू होण्यापूर्वी समोरच्याला तसे सांगितलेही होते. तिसऱ्या फेरीत त्याने आपले रणगाडे निःशंकपणे तिच्यासमोरून नेले आणि आम्ही त्यातले दोन उडवले. तो म्हणाला, "मी विसरलोच." आम्ही म्हणालो, "सांगितले होते." दोन्ही खरे होते. डाव आम्ही जिंकलो, आणि पुढे कितीतरी दिवस त्याने आमच्याशी खेळायचे टाळले. समोरच्याने पांढऱ्या गाडीवरच्या लाल चिन्हाकडे पाहून जे वाचायचे तेच वाचले होते. खोटे आम्ही लिहिले होते.

म्हणजे गाडी कुठूनही आणा, ती काय आहे हे तिच्याकडे पाहून समजले पाहिजे. क्षेपणास्त्रे असतील तर नळकांडी दिसावीत, सैनिक नेत असेल तर मागे दार असावे. महाभारतातल्या रथांचे ध्वज आठवावेत: अर्जुनाचा कपिध्वज, भीष्मांचा तालध्वज. धुळीत रथ कुणाचा आणि कोणाशी गाठ आहे हे शत्रूलाही लांबून कळावे याची ती व्यवस्था होती. आमच्या टेबलावर आता हे काम रंग करतात. सगळ्या गाड्या एकाच धुरकट मातकट रंगात, दाराच्या वर एकसारखा पिवळा पट्टा. डंपर असो की रणगाडा, पट्टा पाहिला की ती आमची.

दिवाळीतल्या किल्ल्याचा दाखला देऊन कुणी म्हणेल की आपल्याकडे गवळण बुरुजाहून उंच असते, मावळ्याशेजारी रायफलधारी शिपाई उभा असतो, तेव्हा ही अट तरी कशाला? पण किल्ला पाहायचा असतो. त्यातल्या गवळणीमागे सैनिक लपू शकतो का, हे कुणी विचारत नाही. खेळात नेमके हेच विचारतात, गुडघ्यावर बसून, डोळा टेबलाच्या पातळीला आणून. तिथे पाच सेंटिमीटरची उंची म्हणजे एका तुकडीचा जीव असतो. मोठी गाडी जास्त आडोसा देते आणि जास्त लांबून दिसते. हा नफातोटा दोघांनी डावाआधी बोलून ठरवावा, आणि ज्याची गाडी त्याने शंकेचा फायदा समोरच्याला द्यावा. एवढे पाळणाऱ्याचा मोडका बुलडोझर आम्हाला चालतो. हे न पाळणाऱ्याची खोक्यातली अधिकृत गाडीही आम्हाला नको.

सध्या आमच्या टेबलावर १:३५ चा एक जुना सोव्हिएत रणगाडा अर्धवट पडून आहे. झाकणे घासून झाली, नवी चिकटवायची आहेत. एका बाजूला आधीच्या मालकाने काढलेला पांढरा आकडा आहे, ३४७. तो खरवडायला घेतला होता, मग तसाच ठेवला. ही गाडी आमच्या वसाहतीने कुणाकडून तरी जिंकली असणार. कुणाकडून, ते अजून ठरलेले नाही.