पोरांच्या हाती पुरावा द्या!

‘महायुद्धावर प्रकल्प करून आणा’ असे सातवी-आठवीच्या वर्गात फर्मान सुटते आणि संध्याकाळी स्टेशनरीच्या दुकानात झुंबड उडते. छापील तक्त्यातून हिटलर कापायचा, रणगाडा कापायचा, मोबाइलवरचे चार परिच्छेद जसेच्या तसे उतरवायचे, मुखपृष्ठाला चमकी लावायची. आणि हे सारे आईने रात्री जागून करायचे! सकाळी वहीवर लाल सही होते, आकारिक मूल्यमापनाच्या रकान्यात गुण पडतात. ज्या युद्धाने लाखो घरांत अंधार केला, त्यातले एक अक्षरही त्या मुलाने शोधलेले नसते. याला शिक्षण म्हणायला आम्ही तयार नाही. ही मुलांची राजरोस फसवणूक आहे!

आणि ती कुठे चालली आहे? ज्या महाराष्ट्रात इतिहाससंशोधक राजवाड्यांनी दारोदार हिंडून दप्तरे धुंडाळली आणि वाईत सापडलेल्या पत्रांतून १८९८ साली पानिपतच्या मोहिमेचा इतिहास उजेडात आणला, त्या महाराष्ट्रात! कागद दाखवा, मग बोला, हा या मातीचा बाणा होता. तो आपण शाळेच्या दारातच गाडून टाकला काय?

संशोधन म्हणजे मोठ्यांचे काम, बारा वर्षांच्या पोराला काय झेपणार, असे म्हणणाऱ्यांनी गावाबाहेर न जाता गावाकडेच पाहावे. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धासाठी हिंदुस्थानातून १० लाखांहून अधिक माणसे समुद्रापार गेली. सत्तर हजारांहून अधिक परतली नाहीत. साताऱ्याजवळच्या एकट्या अपशिंगे गावाने ४६ जवान गमावले. आपल्या कित्येक गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत आजही संगमरवरी पाटी आहे: या गावातून इतके लोक महायुद्धाला गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. पाटीवर चुन्याचे थर चढले आहेत, निवडणुकीची पत्रके चिकटली आहेत. मुलांना तिथे न्या. ओल्या फडक्याने त्यांनाच ती पुसू द्या, अक्षर न् अक्षर वहीत उतरवू द्या. मग एखादी मुलगी आपणहून विचारील: ‘गुरुजी, आकडा आहे, पण नावे कुठे आहेत?’ त्या प्रश्नापाशी संशोधन सुरू झाले!

त्या प्रश्नाचा माग थेट इराकपर्यंत जातो. बसऱ्याच्या युद्धस्मारकावर गोऱ्या सैनिकांची नावे कोरली गेली. हिंदी शिपायांच्या वाट्याला पलटणीखाली नुसती संख्या आली. हा भेदभाव झाल्याची कबुली राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ साली स्वतःच्या अहवालात दिली. आयोगाच्या नोंदी आज कुणालाही मोफत पाहता येतात. हुद्दा, पलटण, मृत्यूची तारीख, आणि बऱ्याच ठिकाणी बापाचे नाव, गाव, तालुका. ज्या मोबाइलवरून मूल परिच्छेद चोरते, त्याच मोबाइलवर त्याला आपल्या गावचा माणूस सापडू शकतो!

नाव सापडले की पुढचा सवाल: हा माणूस गेला कशाला? बादशहासाठी, की महिना ११ रुपये पगारासाठी? आणि मेला कसा? डिसेंबर १९१५ मध्ये इराकमधल्या कुत-अल-अमारा येथे सहाव्या पुणे डिव्हिजनला तुर्कांनी वेढले. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी आत अडकल्या. उपासमारीने फौज खंगली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजारांनी शस्त्रे ठेवली. शिपाई वाळवंटातून हाकले गेले, हजारो कैदेत मेले. सेनापती टाउनशेंड मात्र इस्तंबूलजवळच्या बेटावर आरामात राहिला आणि पुढे त्याने मोहिमेवर ग्रंथही लिहिला. शिपायाने काय लिहिले? फ्रान्सच्या आघाडीवरून हिंदी जवानांनी धाडलेली पत्रे सरकारी अधिकारी फोडून वाचत. त्यांतले इंग्रजीत केलेले उतारे तेवढे आज लंडनमध्ये आहेत. सेनापतीचे पुस्तक आणि शिपायाचे फोडलेले पत्र मुलांसमोर शेजारी ठेवा आणि विचारा: कोण बोलतोय, कुणासाठी बोलतोय, काय लपवतोय? आठवीच्या मुलाला हे कळते. न कळण्याचा ठपका त्याच्यावर ठेवणे हा आपला आळस आहे.

याच्या आड कोण येते, तेही स्पष्ट बोलू. शिक्षकाला निवडणुकीच्या याद्या, जनगणना आणि रोजच्या ऑनलाइन माहितीला जुंपणारे सरकार येते. वही किती सजली एवढेच पाहणारी तपासणी येते. शेजारच्या मुलापेक्षा आपला प्रकल्प देखणा हवा, म्हणून मुलाच्या हातून कात्री हिसकावणारे आईबापही येतात! या सगळ्यांना आमचा रोकडा सवाल आहे. ज्या पोराला पुरावा मागायची सवय नाही, त्याच्या मोबाइलवर उद्या कुणीही खोटा इतिहास ढकलील आणि त्याला रस्त्यावर उतरवील. मग दगडफेक झाल्यावर शांतता समित्या भरवून काय उपयोग?

म्हणून आमची मागणी आहे. कापून चिकटवलेल्या प्रकल्पाला एकही गुण देऊ नका. एका युद्धावर एक प्रश्न, परस्परांशी न जुळणारे दोन पुरावे आणि मुलाच्या स्वतःच्या हातचे एक पान, एवढेच मागा. पानात खाडाखोड असली तरी चालेल, उसनवारी चालणार नाही. शिक्षकाला त्यासाठी वेळ द्या, शाळेला ग्रंथालय द्या आणि अभिलेखागारांची दारे पोरांसाठी उघडा. हे ज्यांना जमत नसेल, त्यांनी इतिहासाच्या अभिमानाची भाषणे आजपासून बंद करावीत!