रणभूमीचा आवाज विमानापर्यंत!

लढाऊ विमान विकत घ्यावयाचे ठरले म्हणजे साऱ्या देशात त्याची चर्चा होते. त्याची किंमत काय, ते कोणाकडून घ्यावयाचे, त्या व्यवहारात कोणाचे हात ओले झाले, या प्रश्नांनी संसद दणाणून जाते आणि आम्ही वृत्तपत्रकारही रकानेच्या रकाने भरून काढतो. परंतु त्या विमानातील वैमानिकाला ‘शत्रू पलीकडच्या टेकडीवर आहे, अलीकडच्या टेकडीवर आम्ही आहोत’ एवढे सांगण्यासाठी जो अधिकारी पायदळाबरोबर आघाडीवर पालथा पडलेला असतो, त्याच्या पाठीवरील बिनतारी संच कोणत्या सालचा आहे, हे विचारण्याची तसदी कोणी घेत नाही. आमच्या मते विमानाच्या किमतीइतकाच हा प्रश्न महत्त्वाचा आहे. कारण त्या संचावर आपल्याच जवानांचे प्राण अवलंबून असतात.

हे आम्ही केवळ तर्काने म्हणत नाही. १ सप्टेंबर १९६५ रोजी पाकिस्तानने छांबच्या आघाडीवर रणगाडे घातले, तेव्हा सरसेनापती जनरल चौधरी यांनी हवाई दलाची मदत मागितली. संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी ती मागणी काही मिनिटांत मान्य केली. १९६२ च्या चिनी आक्रमणात लढाऊ विमाने जमिनीवरच उभी ठेवण्यात आली होती, हे लक्षात घेतले म्हणजे कऱ्हाडच्या या सुपुत्राच्या निर्णयाचे मोल कळते. सायंकाळी पाचनंतर पठाणकोटहून वॅम्पायर आणि मिस्तेर विमाने उडाली. पुढे जे घडले ते मात्र विजयगाथांत सहसा सांगितले जात नाही. उन्हे उतरली होती, धुरळा उडाला होता, दोन्ही बाजूंचे रणगाडे एकमेकांच्या जवळ येऊन भिडले होते. आणि वरून पाहणाऱ्याला रणगाडा हा रणगाड्यासारखाच दिसतो. शत्रूवरील माऱ्याबरोबर आपल्याही रणगाड्यांवर आणि वाहनांवर मारा झाला. चार वॅम्पायर विमाने त्या संध्याकाळी आपण गमावली. दिल्लीतील निर्णय मिनिटांत झाला. परंतु खालच्या माणसाचा शब्द वरच्या माणसापर्यंत वेळेवर पोहोचविण्याची सोय आघाडीवर नव्हती. दोष वैमानिकांच्या धैर्याचा नव्हे, आणि चव्हाणांच्या निश्चयाचा तर नव्हेच.

याच्या उलट उदाहरण सहा वर्षांनी लोंगेवालाला घडले. ५ डिसेंबर १९७१ च्या पहाटे जैसलमेरहून हंटर विमाने आली आणि राजस्थानच्या वाळूत पाकिस्तानी रणगाड्यांची दाणादाण उडाली, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांचे नाव चित्रपटाने घरोघर नेले. पण ‘कृषक’ नावाच्या लहानशा निःशस्त्र विमानातून घिरट्या घालीत, बिनतारीवरून हंटरांना लक्ष्ये दाखवणारे मेजर आत्मासिंग किती जणांना आठवतात? तेथे उघडे वाळवंट होते, स्वच्छ उजेड होता आणि रणांगणावर बोलणारा एक माणूस होता. हंटरांना रात्री लढता येत नव्हते, म्हणून चांदपुरींच्या जवानांना उजाडेपर्यंत तग धरावा लागला, ही गोष्टही विसरून चालणार नाही.

आता ही विद्या पुष्कळ पुढे गेली आहे. पूर्वी रंगीत धूर सोडून किंवा जमिनीवर कापडाचे पट्टे अंथरून आपली जागा दाखवीत. आज आघाडीवरील निरीक्षक लेसरचा अदृश्य किरण लक्ष्यावर रोखतो आणि बॉम्ब त्या परावर्तित किरणाच्या मागाने जातो. लक्ष्याचे अक्षांश-रेखांश तोंडी सांगण्याऐवजी आकड्यांच्या रूपाने थेट विमानाच्या पडद्यावर पाठविता येतात, आणि विमानाला दिसणारे चित्र खालच्या माणसाला हातातील फलकावर पाहता येते. कारगिलच्या युद्धात, जून १९९९ मध्ये, मिराज विमानांनी टायगर हिलवर लेसरच्या साह्याने बॉम्ब टाकले. तो किरण विमानातूनच सोडलेला होता. दाट झाडीत, ढगांखाली किंवा वस्तीच्या कडेला मात्र डोंगरावर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांना पर्याय नाही.

तथापि नुसते नवे यंत्र आणले म्हणजे भागले, अशा भ्रमात कोणी राहू नये. लोंगेवालाच्या लढाईनंतर बरोबर तीस वर्षांनी, त्याच तारखेला, कंदाहारच्या उत्तरेस एका अमेरिकन निरीक्षकाने आपल्या स्थाननिर्देशक यंत्राची बॅटरी बदलली. बॅटरी बदलताच ते यंत्र लक्ष्याची जागा सोडून स्वतःची जागा दाखवू लागले. तेच आकडे वर गेले, आणि अजस्र बॉम्ब स्वकीयांवर कोसळला. तीन अमेरिकन सैनिक आणि त्यांचे अफगाण सहकारी ठार झाले. २०१४ साली अफगाणिस्तानातच सैनिकांच्या अंगावरील अवरक्त दिवे वरच्या बॉम्बफेकी विमानाच्या यंत्राला दिसतच नव्हते, आणि हे त्या क्षणी ना वरच्यांना उमगले ना खालच्यांना. पाच अमेरिकन व एक अफगाण सैनिक प्राणास मुकले. जगातील सर्वांत श्रीमंत सैन्याची ही कथा! आपल्याकडे २७ फेब्रुवारी २०१९ रोजी बडगामला आपल्याच क्षेपणास्त्राने आपलेच हेलिकॉप्टर पाडले. हवाई दलाचे सहा जण व एक नागरिक त्यात बळी पडले. तेथे प्रश्न विमानविरोधी यंत्रणेचा होता, परंतु मूळ रोग एकच: आपला कोण हे वेळेवर न कळणे.

या रोगावर इलाज होऊ शकतो, हेही दिसून आले आहे. भूदलाची ‘आकाशतीर’ यंत्रणा हवाई दलाच्या नियंत्रणजाळ्याशी जोडली गेली आणि मे २०२५ च्या संघर्षात तिचा कस लागला. आकाशातील आपला-परका ओळखण्यासाठी जे साधले, ते जमिनीवरील आपला-परका वैमानिकाला दाखविण्यासाठी का साधू नये? पायदळाचे संच सामान्यतः एका लहरीपट्ट्यावर बोलतात, लढाऊ विमानांचे दुसऱ्या. म्हणून दोहोंशी, आणि तेही सांकेतिक भाषेत, बोलणारा हलका संच आघाडीच्या प्रत्येक पथकाला हवा.

यवतमाळकरांनी या भानगडीत कशाला पडावे, असे कोणी विचारील. पुलगावचे मध्यवर्ती दारूगोळा भांडार आमच्या शिवेपलीकडेच आहे. वणीहून भद्रावतीची आयुधनिर्माणी लांब नाही. नागपुरात बनलेले ‘नागास्त्र’, म्हणजे लक्ष्यावर घिरट्या घालून त्यावर झेपावणारे मानवरहित अस्त्र, २०२४ पासून लष्कराच्या हाती पडू लागले आहे. विदर्भ दारूगोळा पुरवितो आणि दारव्हा-पुसदकडची मुलेही पुरवितो. असली अस्त्रे आल्यावर निरीक्षकाची गरज संपली, असे म्हणणाऱ्यांना आमचा प्रश्न आहे की, पलीकडच्या नाल्यात आपली गस्त बसली आहे, हे त्या अस्त्राला कोण सांगणार?

गुप्ततेच्या सबबीखाली सरकारने या विषयावर मौन धरू नये. संचांची संख्या वा लहरींचे तपशील आम्हांस नकोत. परंतु आघाडीच्या प्रत्येक ब्रिगेडला हवाई दलाशी थेट बोलणारे, प्रशिक्षित व पूर्ण साहित्यानिशी सज्ज असे पथक केव्हापर्यंत मिळेल. ही पथके आणि वैमानिक वर्षातून किती वेळा एकत्र सराव करतात, आणि तो अंधारात व उणे तापमानात होतो काय. लडाखच्या थंडीत त्यांच्या बॅटऱ्या किती तास टिकतात, एवढे आमच्या जिल्ह्याच्या खासदारांनी येत्या अधिवेशनात संरक्षणमंत्र्यांना अवश्य विचारावे.