कुदळ मारण्याआधी विचारा



उन्हाळा लागला की गावोगाव खोदाई सुरू होते. कुणी फळबागेचे खड्डे घेतो, कुणी शेततळं काढतो, कुणी परसात शोषखड्डा खोदतो. पावसाआधी काम उरकावे ही घाई रास्तच आहे. पण आपल्या आजोबांच्या काळी जमिनीखाली माती, मुरूम आणि पाणी एवढेच होते. आज तसे राहिलेले नाही.

माझ्याकडच्या एका गावातली गोष्ट. एका बागायतदाराने आंब्यासाठी जेसीबीने मीटर-मीटरचे खड्डे घ्यायला सुरुवात केली. तिसऱ्या ओळीत बकेट थेट पाइपावर बसली. नदीवरून पाणी उचलणारी ती आठ-दहा जणांची सामाईक लाइन होती. ती टाकली तेव्हा हजर असलेले वडील आता हयात नव्हते, आणि मुलाला पत्ता नव्हता. दुरुस्ती होईस्तोवर नऊ दिवस गेले. भर वैशाखात वरच्या अंगाची भाजी होरपळली. ‘आपलंच रान, विचारायचं कुणाला?’ असं त्यांचं म्हणणं. रान त्यांचं होतं हे खरं, पण पाइप आठ घरांचा होता. भरपाईवरून तुटलेला शेजार अजून सांधलेला नाही.

ही एका गावची गोष्ट नव्हे. २०१९ साली जल जीवन मिशन सुरू झाल्यापासून गल्लोगल्ली नळाचे चर खोदले गेले. भारतनेटची ऑप्टिकल फायबर केबल ग्रामपंचायतीपर्यंत आली. विहिरीच्या मोटारीची केबल, ठिबकची मेन लाइन आपण स्वतःच पुरतो आणि दोन वर्षांत विसरतो. काही शिवारांतून गॅस-पेट्रोलच्या मोठ्या वाहिन्याही जातात. शेततळं ३ मीटर खोल न्यायचं म्हटलं तर यातलं काहीही आडवं येऊ शकतं.

मोठ्या वाहिनीबद्दल एक गैरसमज आहे. जमीन कंपनीने विकत घेतली असे काही शेतकरी समजतात, तर पैसे मिळाले, आता रान मोकळे, असे काही समजतात. दोन्ही चूक. १९६२ च्या कायद्यानुसार कंपनीला फक्त वापराचा हक्क मिळतो. जमीन आपलीच राहते, नेहमीची पिके घेता येतात. पण त्या पट्ट्यात घर, विहीर, तळे करता येत नाही, झाडही लावता येत नाही. म्हणून फळबाग आखण्याआधी सातबाऱ्यावरचे ‘इतर हक्क’ वाचा आणि शिवारात कंपनीचे खांब-फलक कुठे आहेत ते पाहा.

खोदण्याआधी शेजाऱ्यांना, गावच्या पाणी सोडणाऱ्याला आणि वायरमनला जागेवर बोलवा. व्हॉल्व्हची चेंबरं, खांब, जुन्या चराची खचलेली माती नजरेखालून घाला. शंका असेल तिथे फावड्याने हळूहळू आडवा चर घेऊन बघा. पहार जोराने मारू नका, तिचं टोक केबलमधून आरपार जातं. वाळूचा थर, विटांची रांग किंवा रंगीत पट्टी लागली की हात थांबवा. खाली केबल किंवा पाइप आहे, अशी ती खूण असते. खोदाईआधी वाहिन्यांच्या मालकांना कळवता यावे म्हणून केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे मोबाइल अ‍ॅप काढले आहे. मोठे काम असेल तर ठेकेदाराला त्यावर कळवायला सांगा. पण आपल्या शेजाऱ्याचा पाइप कोणत्याही अ‍ॅपवर दिसणार नाही, तो विचारूनच कळेल.

एवढे करूनही धक्का बसला तर लपवू नका. विजेची केबल असेल तर कुणी जवळ जाऊ नये. जेसीबीवाल्याने केबिनमध्येच बसून राहावे आणि १९१२ वर कळवून लाइन बंद करून घ्यावी. गॅस असेल तर यंत्र बंद, विडी-काडी बंद. मोबाइलही तिथे वापरू नका. वारा ज्या बाजूने येतो तिकडे लांब जा, मग फलकावरच्या नंबरला आणि ११२ ला फोन करा. नळाचा पाइप चिरला तर वरवर फडकं गुंडाळून माती लोटू नका. पाणी बंद असताना त्याच चिरेतून शोषखड्ड्याची घाण आत ओढली जाते आणि सकाळी साऱ्या गल्लीच्या हंड्यात येते.

नुसता ओरखडा गेला म्हणून सोडून देऊ नये. बेल्जियममधील गिलेंगिएन येथे यंत्राने जखमी झालेली गॅसवाहिनी तशीच राहिली आणि ३० जुलै २००४ रोजी फुटली. २४ माणसे गेली. ओरखडा वेळीच कळला असता, तर तो दुरुस्त झाला असता.

आता मुद्द्याचं. गावची पाण्याची लाइन कुठून जाते हे बहुतेक ठिकाणी एकट्या पाणी सोडणाऱ्याला ठाऊक असतं. तो निवृत्त झाला की गावचा नकाशाही त्याच्याबरोबर घरी जातो. हे बरं नव्हे. प्रत्येक ग्रामपंचायतीने गावनकाशाच्या एका प्रतीवर नळ, केबल, उपशाच्या लाइनी रंगीत रेघांनी उतरवून त्या कार्यालयात लावाव्यात. चर उघडा आहे तोवरच बांधापासूनचं अंतर आणि खोली मोजून लिहावी. याला निधी लागत नाही. एक टेप, एक वही आणि गावातली दोन जाणती माणसं पुरेत. येत्या ग्रामसभेत हा विषय आपणच मांडा. जाणती माणसं आहेत तोवर हे काम झालं पाहिजे.